कुलूप लावलेला फ्रीज

४ फेब्रुवारी

ताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या शिलाई मशीनलाही, कारण तिच्या आवाजावरच मी वाढलो.

पाकीट बघूनच तू म्हणाली असशील, "भिंगरीने आणखी एक नोकरी सोडली वाटतं." सोडली. पण दुसरी धरलीसुद्धा, तेव्हा लगेच कपाळाला हात लावू नकोस. खोक्यांच्या कारखान्यात दिवसभर तीच घडी, तेच खोकं, मला जमेना. आता एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात आहे. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, टॉवेल, पाहुण्यांचे शर्ट एका उभ्या पत्र्याच्या बोगद्यातून धाडकन खाली येतात, आणि आम्ही तळघरात वर बघत उभे. मला डागांच्या टेबलावर ठेवलंय. कॉफी, लिपस्टिक, बूटपॉलिश, गंज, रक्त. रक्त म्हटल्यावर घाबरू नकोस, दाढी करताना कापलेलं असतं नाहीतर नाकाचा घोळणा फुटलेला असतो. आमच्या मुकादमबाई म्हणतात, या पोराला नजर आहे. शाळेत असं माझ्याबद्दल कोणी म्हटलं नव्हतं.

पण खरी बातमी पुढेच आहे. ताई, मी पुस्तकं वाचतोय.

हसू नकोस. पाहुणे अंथरुणात वाचता वाचता झोपतात, पुस्तक चादरीत गुंडाळलं जातं आणि बोगद्यातून खाली येतं. मागायला कोणी आलं नाही तर ज्याच्या डोक्यावर पडलं त्याचं, असा इथला नियम. आणि ही सुट्टीवर आलेली हसरी माणसं काय वाचतात म्हणशील? खून! मनाने रचलेले नव्हेत, खरे झालेले. माझ्या डोक्यावर पहिला पडला तो एक दंतवैद्य, दोन बायका मारलेला. मी ओळीखाली बोट ठेवून वाचला. जेवणाची घंटा झाली तरी उठलो नाही. मी! जेवणाला!

मला त्यात काय आवडतं सांगू? सगळं लिहिलेलं असतं. त्या दिवशी बाईने कुठल्या रंगाचे मोजे घातले होते, दूधवाल्याने काय पाहिलं, कुत्रं कुठल्या बाजूला तोंड करून भुंकलं. मी इथे खोलीत दोघांबरोबर राहतो. काल मी कुठला शर्ट घातला होता विचार त्यांना, दोघंही भिंतीकडे बघतील. पुस्तकातल्या माणसाकडे निदान कोणीतरी लक्ष देतं. मेल्यावर का होईना.

तुझं काय चाललंय? नवीन काही नसणारच.

तुझा
भिंगरी


१८ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद. खाली बसून वाच, एरवी तू उभ्यानेच वाचतोस.

तू वाचतोस हे वाचून माझ्या हातातली कात्री पडली. शेजारच्या केमिस्टला तुझं पत्र दाखवलं, तर तो म्हणाला, "अक्षर सुधारलंय, विषय बिघडलाय." दंतवैद्याचं ठीक आहे, पण अधूनमधून जिवंत माणसांचंही काही वाचत जा.

आणि "नवीन काही नसणारच" म्हणे! आहे नवीन. मी लग्न करतेय.

झालं लिहून. आता सावकाश सांगते. ते कामाच्या कपड्यांची चेन बदलून घ्यायला दुकानात आले होते. चेन बदलेपर्यंत गप्प बसले, आणि जाताना बघते तर माझा कुरकुरणारा पंखा कुरकुरत नव्हता. कधी दुरुस्त केला कळलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात धडधाकट चेन घेऊन आले आणि म्हणाले, "हीसुद्धा बदला." तेव्हाच मी समजले.

फ्रीज दुरुस्त करतात. सगळे त्यांना फ्रीजवालेच म्हणतात. गल्लीच्या टोकाला शेवटचं घर, एकटेच राहतात. मागे मोठी पत्र्याची शेड, तिच्यात जुने फ्रीज ओळीने उभे. मागे खिडक्या नसलेली एक गाडी आहे, फ्रीज न्यायला. स्वभाव फार शांत. नीटनेटके इतके की माझ्या टाचण्या रंगांप्रमाणे लावून गेले. सुट्टीच्या दिवशी बागेत खड्डे खणतात, झाडं लावायची आहेत म्हणे. एकदा त्यांचं ठरलं होतं, पण ती बाई अचानक निघून गेली. त्याबद्दल ते बोलत नाहीत, आणि मीही खोदून विचारत नाही. या वयात प्रत्येकाच्या मागे काहीतरी असतं. माझ्या मागे तू आहेस.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कचेरीत जाऊन सह्या करायच्या. थाटमाट काही नाही. पण माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून सही तुझीच हवी. अडतीस वर्षांत मी स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली आहे, तेव्हा तोवर ही नोकरी तरी टिकव आणि रजा काढ.

ताई


१ मार्च

ताई,

तुझं पत्र मी खाली बसून वाचलं आणि बरं झालं बसलो होतो.

मला आनंदच झाला. आधी तेवढं लिहून ठेवतो. आता ऐक. मी पत्र पुन्हा पेन्सिल घेऊन वाचलं आणि खुणा करता करता टोक मोडलं. फार शांत! ताई, मी आतापर्यंत वाचलेल्या एकाही पुस्तकात बडबड्या माणसाने कोणाला मारलेलं नाही, त्याला बोलण्यातून वेळच मिळत नाही. प्रत्येक पुस्तकात शेवटी शेजारीण पोलिसांना सांगते, "हो का? पण किती शांत होते हो!" नीटनेटका! तो दंतवैद्य टॉवेलच्या कडा जुळवायचा. गल्लीच्या टोकाचं घर. खिडक्या नसलेली गाडी. मागच्या बागेत खड्डे. बाई अचानक गायब. आणि फ्रीज! एक नाही, ओळीने! अगं, लिहिणाऱ्याने एवढं सगळं एका पानावर घातलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जपून, लगेच कळतंय.

मी म्हणत नाही की त्याने काही केलंय. मी म्हणतो विचार. जेवताना सहज विचारल्यासारखं विचार, ती बाई कुठे गेली. त्याचा विमा आहे का, तुझाही काढायचा म्हणतो का. गार पाण्याने आंघोळ करतो का (यांना गारच लागतं, का ते पुस्तकात नाही). सगळ्यात मोठा फ्रीज कुठला आणि आतले कप्पे निघतात का. आणि त्याचा एखादा न धुतलेला शर्ट मला पाठव. बाकी जगाला कळत नसेल, पण डाग मला कळतात.

सोबत दोन पुस्तकं पाठवतोय. दंतवैद्य, आणि एक खाणावळवाली. खाणावळवालीचं पुस्तक चादरींबरोबर मशीनमध्ये फिरून आलंय, शेवटची पानं लगदा झाली, त्यामुळे खुनी कोण ते मला कळलेलं नाही. तुला कळलं तर कळव.

दार लावून झोपत जा.

भिंगरी


१६ मार्च

अरे बावळट,

खुनी कोण ते मुखपृष्ठावर छापलंय. खाणावळवालीचा फोटो आहे, आणि खाली लाल अक्षरांत "हिनेच केलं" एवढंच लिहायचं राहिलंय. तू काय मागून वाचायला लागलास का?

माझ्या माणसाला "त्याने, तो" म्हणायचं तुझं धाडस आवडलं. ते तुझे होणारे भावोजी आहेत. ते, त्यांनी.

पुस्तकं वाचली. वाचली म्हणजे, कोटांच्या अस्तरांचं काम अंगावर होतं, म्हणून चाळली. आणि मला राग आला. दंतवैद्याच्या आजोबांनी कुठला घोडा विकला इथपासून लिहिलंय, त्याला लहानपणी दूध आवडत नव्हतं ते लिहिलंय, आणि त्याच्या दोन बायका? एक "हसतमुख" आणि दुसरी "बागकामाची आवड असलेली". संपल्या! अरे, त्यातली एक तर माझ्यासारखीच शिवणकाम करायची, एका ओळीत येऊन जाते. ती काय शिवायची, कोणाचं शिवायची, तिचे पैसे कोणी बुडवले, काही नाही. तिला मारायच्या आधी लेखकानेच संपवलीय. आणि तो लेखक पुन्हा पुन्हा म्हणतो, "तिला काय माहीत, ही तिची शेवटची सकाळ." तिला माहीत नव्हतं, पण तुला होतं ना, मग सांगायचंस!

आणि मधल्या पानांवर फोटो. वाचायच्या आधीच मी बघून टाकले. सगळ्यांनीच बघितले असणार, कागद तिथेच मऊ झालाय.

तरी संध्याकाळी दुकान बंद केल्यावर खाणावळवालीचं दुसऱ्यांदा चाळलं. का कोण जाणे. बाहेर वारा होता, दाराला कडी होती, आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी घरात वाईट घडत होतं. माझ्या घरात सगळं जागच्या जागी. म्हणून आवडत असेल.

गंमत म्हणून मी त्यांना गार पाण्याचं विचारलं. हो म्हणाले. मग विम्याचं. तेही हो. मग चहाचा कप खाली ठेवला. आतले कप्पे निघतात का विचारलं, तर "आकार किती हवाय?" असं हळूच म्हणाले. मग मी शेडमध्ये गेले होते, तिथे सगळ्या फ्रीजांची दारं नुसती लोटलेली, पण कोपऱ्यातल्या एका मोठ्या पांढऱ्या फ्रीजला कुलूप. "यात काय आहे हो?" विचारलं, तर कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "लग्नानंतर सांगेन."

काही नसेल. असं मला वाटतं.

शर्ट पाठवतेय. दुकानात बटण लावायला आला होता, निळा, तो द्यायचाच विसरले असं सांगेन. याला गंमत म्हणतात, लक्षात ठेव. आणि पुढचं पुस्तक पाठवलंस तर मशीनमध्ये न फिरलेलं पाठव.

ताई


३० मार्च

ताई! लग्न मोड!

शर्ट आला. डाव्या मनगटाच्या घडीत तपकिरी डाग आहे. कडेला गडद, मध्ये फिका, धाग्याच्या आत शिरलेला. रक्त आहे! मी रोज बघतो, मला सांगू नकोस. रात्रीच ट्रंक भर आणि केमिस्टच्या बायकोकडे झोपायला जा. त्याला काही बोलू नकोस, हसत राहा, पण जास्त हसू नकोस, "हसतमुख" बायकांचं काय होतं ते तू वाचलंस.

मी रजा मागितली, मिळाली नाही. नोकरी सोडून येतो.

भिंगरी


२ एप्रिल

ताई,

आधीचं पत्र आलं असेल तर उघडू नकोस. उघडलं असेल तर खाली वाच. ट्रंक भरली असेल तर उपस.

मुकादमबाईंकडे नोकरी सोडायला गेलो, तर म्हणाल्या, "कोणी मेलंय का?" म्हटलं, अजून नाही. शर्ट दाखवला. त्यांनी एकदा डागाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "बाटली कुठेय तुझी?" रक्त असेल तर आमच्या बाटलीतल्या एका थेंबाने फेस येतो. हे मी दिवसातून शंभर वेळा करतो, ताई. या एका शर्टाला केलं नव्हतं. मुकादमबाईंनी थेंब टाकायला लावला. फेस नाही. मग गंजाच्या औषधाचा थेंब टाकला, तर डाग हळूच पिवळा झाला आणि निघून गेला, जणू आलाच नव्हता.

गंज. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या मनगटाला गंज.

सगळं खातं हसलं. आता जेवायला बसलो की कोणीतरी मसाल्याचा डाग पडलेला रुमाल समोर धरतो आणि विचारतो, "साहेब, कोणाचा खून?" मला एका टेबलावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. खरंतर दंतवैद्य वाचला नसता तर मी तो डाग लांबूनच ओळखला असता. मी डाग बघितलाच नव्हता, पुस्तकच बघत होतो.

नोकरी आहे. बाईंनी रजाही दिली, जूनची. शर्ट धुऊन, इस्त्री करून पाठवतोय.

पण ताई, कुलूप लावलेल्या फ्रीजचं काय?

भिंगरी


१४ एप्रिल

भिंगरी,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी लग्न मोड, मग मोडू नकोस. तुला त्रास नको म्हणून सांगते, ते आपोआपच मोडल्यासारखं झालंय.

आठवडाभर ते फिरकलेले नाहीत. आधी रोज संध्याकाळी चहाला यायचे, मी शिवायचे, ते बसायचे. आता गाडी दुकानावरून जाते आणि वेग वाढवते. परवा मी रस्त्यात उभी राहून हात केला, तर त्यांनीही हात केला, पण काच वर करत करत.

मीच आगाऊपणा केला. तुझे प्रश्न विचारता विचारता मला त्याची गोडीच लागली. खोटं कशाला बोलू? त्यांनी उत्तर दिलं की मी त्यांच्याकडे असं बघायचे, की हा धागा कुठे जातो. जिवंत माणूस समोर चहा पितोय आणि मी त्याची शेवटची सकाळ शोधतेय! त्यांना कळलं असणार. कोणाला आवडेल रे असं?

कोटाचं कापड कापून ठेवलंय. त्यांच्यासाठी, लग्नाचा कोट, पँटसकट. अचानक द्यायचा होता म्हणून ते दुकानात खुर्चीवर डुलकी काढत असताना माप घेतलं होतं. आता दुसऱ्या कोणाला होणारही नाही, खांदे फार रुंद आहेत.

तुझ्यावर रागावले नाही. पण पुस्तक पाठवू नकोस.

ताई


१६ एप्रिल

प्रिय भाऊसाहेब,

आपली भेट झालेली नाही. आपल्या भगिनींच्या टेबलावरच्या पाकिटावरून पत्ता घेतला, त्याबद्दल क्षमा असावी. आपण धुलाईखात्यात आहात असे कळते. हे पत्र वाचून झाल्यावर कृपया धुऊन टाकावे.

मी फ्रीज दुरुस्त करतो. मला लिहिण्याची सवय नाही, परंतु वाचण्याची आहे, आणि तिथेच घोटाळा आहे.

गेला महिनाभर काही गोष्टी घडत आहेत. माझा निळा शर्ट नाहीसा झाला. विचारले तर त्या "कुठला शर्ट?" म्हणाल्या आणि तोंडात टाचण्या धरल्या, म्हणजे पुढे बोलायला नको. माझा विमा आहे का, हे चहा ओतता ओतता विचारले. सगळ्यात मोठ्या फ्रीजचे कप्पे निघतात का, हेही विचारले. केमिस्टकडून पांढरी पूड आणून बरणीत भरली आहे. "कसली?" म्हटले तर म्हणाल्या, "किड्यांसाठी," आणि माझ्याकडे बघितले. त्यांच्या पिशवीत खाणावळवालीचे पुस्तक दिसले. तिने काय केले हे मला माहीत आहे, माझ्याकडे त्याची पहिली आवृत्ती आहे.

आणि शेवटचे. मी दुकानात खुर्चीवर जरा डोळे मिटले होते. जाग आली तेव्हा त्या माझ्या पायाशी बसून टाचेपासून वर मापाची फीत धरत होत्या, आणि स्वतःशी म्हणाल्या, "दुमडून बसेल."

भाऊसाहेब, मी साधा माणूस आहे. मला आपल्या भगिनी फार आवडतात. त्यांच्या दुकानातला पंखा मी मुद्दाम अर्धाच दुरुस्त केला आहे, पुन्हा जाता यावे म्हणून. परंतु अशा पुस्तकांतल्या सगळ्या नवऱ्यांनाही त्या बायका फार आवडत असत, हे मी विसरू शकत नाही. आपण त्यांना लहानपणापासून ओळखता. मला एवढेच कळवावे की यापूर्वी कोणी गृहस्थ त्यांच्या आयुष्यात होते का, आणि असल्यास ते सध्या कुठे आहेत. जिवंत असतील तर पत्ता द्यावा.

आपला, अजून तरी,
फ्रीजवाला


२५ एप्रिल

फ्रीजवाले साहेब,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा माझ्या मुठी वळल्या. माझी ताई? अहो, माझी ताई झुरळ दिसलं की कागदावर घेऊन बाहेर सोडते आणि वर त्याला "जपून जा" म्हणते. मी सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तिने लोकांचे कपडे उसवून-शिवून मला वाढवलं. मारायचंच असतं तर मीच समोर होतो, आणि कारणंही रोज देत होतो. तिच्या आयुष्यात कोणी गृहस्थ नव्हते. वेळच नव्हता, मी होतो.

हे सगळं मी मोठ्या रागात लिहिलं आणि मग तुमचं पत्र परत वाचलं. मग राग गेला आणि कान गरम झाले, कारण असंच पत्र मी तुमच्याबद्दल तिला लिहिलं होतं. शब्द वेगळे, बाकी सगळं तेच.

साहेब, ते सगळे प्रश्न माझे आहेत. विमा माझा, कप्पे माझे, गार पाणी माझं. शर्ट मीच मागवला, तुमच्या मनगटावरचं रक्त शोधायला. निघाला गंज. मी डागांच्या टेबलावर काम करतो, साहेब, आणि गंजाला रक्त म्हणालो. आमच्याकडे आधी थेंब टाकायचा आणि मग डागाला नाव द्यायचं. मी आधी नाव दिलं. तुम्हीही तेच केलंत, तेव्हा मला फार बोलू नका. पूड गरम कपड्यांतल्या किड्यांचीच आहे, ताई दर उन्हाळ्यात आणते. आणि माप कोट-पँटचं आहे. लग्नाचा कोट शिवतेय ती तुमच्यासाठी, दुमडायचीय ती पँटच्या पायाची पट्टी. हे अचानक द्यायचं होतं, ते आता माझ्यामुळे फुटलं. कोट दिला की आश्चर्य वाटल्यासारखं करा. जमेल ना?

मी असं का केलं ते सांगतो, कारण पुस्तकात शेवटी कारण असतंच. खरंच मला तुमच्याकडून खुनाची भीती वाटली, हे एक. पण तुम्ही अगदी साधे, बडबडे, विमा नसलेले असतात तरी मी काहीतरी शोधलं असतं. मी नोकऱ्या बदलतो, गावं बदलतो, एका जागी माझं बूड टिकत नाही, पण कुठूनही पत्र टाकलं तरी पत्ता तोच राहतो. ती तुमच्या घरी गेली की तो पत्ता जाईल असं वाटलं.

आता चहाला जा. गाडीची काच खाली करून जा.

पण एक विचारतो, आणि हे शेवटचं. कुलूप लावलेल्या फ्रीजमध्ये काय आहे?

तुमचा, होणारा,
भिंगरी


१० मे

भिंगरी,

आशीर्वाद, आणि कान इकडे कर, पिळायचाय. नंतर गालही पुढे कर.

परवा संध्याकाळी गाडी दुकानासमोर थांबली. काच खाली. ते तुझं पत्र हातात घेऊन आत आले आणि दारातच म्हणाले, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." म्हटलं, "बसून सांगा." म्हणाले, "उभ्यानेच बरं, दार जवळ आहे." मग पत्र दिलं. मी वाचलं. मग त्यांचं पत्र काय होतं तेही त्यांच्याकडून वदवून घेतलं.

"म्हणजे मी तुम्हाला दुमडणार होते?"

"मला तसं वाटलं."

"या खांद्यांसकट? कोणत्या फ्रीजमध्ये?"

तर भल्या माणसाने खरंच विचार केला आणि म्हणाला, "पांढऱ्यात बसलो असतो, पण तो भरलेला आहे."

मग मी मशीनवर डोकं टेकून हसले ते हसलेच. केमिस्ट पळत आला, त्याला वाटलं रडतेय. नंतर थोडं रडलेही, पण तोवर तो गेला होता.

आम्ही तडक शेडमध्ये गेलो. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि भिंगरी, दार उघडलं तर वरपासून खालपर्यंत पुस्तकं. दंतवैद्य, खाणावळवाली, मोजे विकणारा, जुळ्या बहिणी, सगळे खुनी कप्प्यांवर उभे, नावांच्या क्रमाने. दाराच्या खणात, जिथे लोक अंडी ठेवतात, तिथे जाडजूड चष्मा. म्हणाले, जुन्या फ्रीजचं दार घट्ट बसतं, आत वाळवी जात नाही की दमट हवा. अशी कपाटं विकत मिळत नाहीत. कुलूप कशाला? तर ती पहिली बाई हा फ्रीज बघूनच निघून गेली होती. मी तिची चौकशी केलीच, सवय लागलीय. जिवंत आहे, ठणठणीत आहे, दोन गल्ल्या पलीकडे केक भाजते. म्हणाली, "माणूस चांगला हो, पण जेवताना प्रेतांचं बोलायचा."

मी त्यांना विचारलं, एवढं वाचून काय मिळालं? म्हणाले, "एकटं राहणाऱ्याला घरात कोणाचं तरी चुकतंय, कोणीतरी पकडलं जातंय, एवढी सोबत पुरते." आणि मग म्हणाले, "पण एकाही पुस्तकात फ्रीज दुरुस्त करणारा वाईट निघालेला नाही. मी मुद्दाम बघितलंय." मी म्हटलं, "शिवणकाम करणारी?" तर नजर चुकवली.

कोट दिला. तुझ्या सांगण्यावरून त्यांनी आश्चर्य वाटल्यासारखं केलं, इतकं की खुर्चीला धडकले. पँटच्या पायाची पट्टी दुमडून बसली.

आता आमचा करार ऐक. जेवताना प्रेत नाही. कोणी कोणाला "त्या दिवशी कुठे होतात" असं विचारायचं नाही, उशीर झाला असेल तर सोडून. आणि प्रत्येक पुस्तक वाचून झालं की मारलेल्या बाईबद्दल आम्ही दोघं मिळून काहीतरी ठरवतो, जे लेखकाने लिहिलं नाही. दंतवैद्याच्या बायकोने, ती शिवणारी, एका गिऱ्हाइकाकडून कोटाचे पैसे दारात उभं राहून वसूल केले होते, असं काल ठरवलं. फ्रीजवाल्यांनी तिच्या घरी फ्रीजही दुरुस्त करून दिला. फुकट.

सह्या पाच जूनला. तू आदल्या दिवशी ये. येताना बोगद्यातून पडलेली सगळी पुस्तकं आण, त्यांच्याकडे जुळ्या बहिणींचा दुसरा भाग नाही. आणि पत्ता जाईल असं जे काही तू त्यांना लिहिलंस ना, ते मी वाचलं. दुकान माझंच राहणार आहे, पाटीही तीच आणि पत्ताही. वर आता आणखी एक पत्ता झालाय. गल्लीच्या टोकाचं शेवटचं घर, तिथेही तुझी पत्रं येऊ दे. तू कितीही भिरभिरलास तरी तुझं सामान ठेवायला जागा हवी, असं तेच म्हणाले आणि दुपारभर शेडमध्ये खटपट करत होते.

तेव्हा काळजी करू नकोस, भिंगरी. तुझ्यासाठी एक फ्रीज रिकामा करून ठेवलाय. कप्पे काढून.

ताई